एक्टॉमी

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे मास्तरीणबाई म्हणत. आवाज असा खणखणीत, की क्लच सोडायला चुकणारा शिकाऊ सीटवर ताठ बसे. तोच आवाज एकदा बसला, तो महिने लोटले तरी उठेना. तपासण्या झाल्या. नवरा आणि धाकटा दीर डॉक्टरीणबाईंना भेटून आले आणि म्हणाले, लॅरिंजेक्टॉमी करायचीय, घशाची बारीकशी डागडुजी. सांगताना दीर छताकडे बघत होता आणि नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा न सांगता कपबशा विसळल्या. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

दुपारभर त्या तो शब्द घोळवत राहिल्या. बहिणीची टॉन्सिलेक्टॉमी झाली, टॉन्सिल गेले. शेजारणीची अपेंडेक्टॉमी झाली, अपेंडिक्स गेलं. नणंदेची हिस्टेरेक्टॉमी झाली, पिशवी गेली. या शेपटाचा शब्द ज्या घरात शिरला, तिथून काहीतरी उचलून नेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, माझं काय नेणार? सांगू नका म्हणून घरच्यांनी गळ घातली होती, हे डॉक्टरीणबाईंनी कबूल केलं. पण सही तुमचीच लागणार, म्हणाल्या. मग शब्दाची फोड केली. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. नुसती चीर असती तर शेवटी एक्टॉमी नाही, नुसतं टॉमी आलं असतं. घशातली गाठ कर्करोगाची होती, पसरलेली नव्हती. यंत्र गेलं तर बाई राहणार होत्या. श्वासाला गळ्यावर कायमचं भोक, त्याला स्टोमा म्हणतात.

"ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंड."

"म्हणजे आणखी एक तोंड," बाई म्हणाल्या. "घरच्यांना हे एकच झेपत नाही."

दोघींपैकी कुणीच हसलं नाही. रडू आलं ते नंतर, जिन्यात.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला समोर बसवलं. धीर होत नव्हता गं, तो मान खाली घालून म्हणाला.

"मग माझ्याकडून मागायचा होता धीर. आवाज माझा जायचाय, अन् मलाच पत्ता नाही?"

सही त्यांनी आपल्या हाताने केली. ऑपरेशनपर्यंत उरलासुरला आवाज जपून ठेवला नाही. नणंदेपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना मनसोक्त झाडलं. नवऱ्याला मात्र रोज जवळ बसवून जुनी गाणी ऐकवली, बेसूर.

बऱ्या झाल्यावर दिराने, ड्रायव्हिंग स्कूल त्याचंच, सुचवलं की वहिनी, आता ऑफिसात बसा. आणि गळ्याला रुमाल बांधा, लोक बिचकतील. बाईंनी भोकावरची पातळ जाळी तेवढी ठेवली, रुमाल दिराच्या हातात दिला आणि खिळ्यावरची किल्ली उचलली.

पहिल्याच फेरीत एक पन्नाशीचे साहेब आरशात न बघताच चौकात वळायला निघाले. बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, डॅशबोर्डवर थाप हाणली आणि आरशाकडे बोट रोखलं. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. बाईंनी तो खुशाल वाजू दिला. साहेबांनी आरसा नीट लावून मागे बघेपर्यंत बाईंचा पाय ब्रेकवरून हलला नाही.