भंडारा खालून वर

भवानी पेठेजवळच्या मैदानात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. भंडारीबाबा व्यासपीठावर जातीने बसले होते, तरी झाडून सगळे बघत होते बाजूच्या पडद्याकडे. चमत्कार पडद्यावरच्या व्हिडिओत होता ना! बाबांपुढच्या ताटातला भंडारा, देवाची ती हळद, आपोआप उठायचा आणि त्यांच्या उंच धरलेल्या मुठीत जाऊन बसायचा. वर हलगीचा दणदणाट.

"भंडारा उलटा चढतो, रोग उलटा पळतो!" बाबा माइकवरून सांगत होते. "साखरवाल्यांनो, सुई फेका, चिमूट जिभेवर टाका!"

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. मला त्यात निव्वळ रिव्हर्स दिसला. क्लिप शेवटाकडून सुरुवातीकडे चालवायची, मूळ आवाज पुसायचा आणि वेगळ्या ट्रॅकवर हलगी चढवायची. नवशिक्यालाही जमतं. एरवी मी हसून घरी गेले असते. पण शेजारचा धुळाप्पा, त्याची आई मायाक्का आणि लेक माउली माझ्या बाजूलाच उभे होते. माउलीला लहानपणापासून रोज इन्सुलिन लागतं. बाबांच्या माणसाच्या सांगण्यावरून धुळाप्पाने सकाळपासून सुई बंद केली होती. पोर बाटलीमागून बाटली पाणी पीत होती.

तिघांच्या मागोमाग मी त्यांच्या घरात शिरले. व्हिडिओ उलटा फिरवलाय, पोरीला आधी इंजेक्शन द्या, असं परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. धुळाप्पा म्हणाला, लग्नं कापणाऱ्या बाईनं देवाच्या कामात पडू नये. माउली भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडलेले. मला धुळाप्पाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

मग सुचलं. मायाक्कांना म्हटलं, मूठभर भंडारा ताटात सोडा. त्यांनी सोडला, मी मोबाइलवर टिपला आणि क्लिप रिव्हर्स करून त्यांच्यापुढे धरली. भंडारा ताटातून उठून म्हातारीच्या मुठीत शिरला.

"आगं बया," मायाक्का म्हणाल्या. "मी बी बाबा झाले की."

"तू केलीस ती करामत. बाबांचं खरं हाय," धुळाप्पा मला म्हणाला आणि अडून बसला.

बाबांची क्लिप त्याच्याच मोबाइलवर आली होती. मायाक्कांनी ती पुन्हा लावायला सांगितली आणि डोळ्यांजवळ धरली. बाबांसमोर एक बाई आपल्याकडे पाठ करून ओवाळत होती. मैदानात मी ती क्लिप कितीदा पाहिली होती, पण त्या बाईकडे लक्षच दिलं नव्हतं.

"आरती उलटी फिरतीया," मायाक्का हळूच म्हणाल्या. "देवाला कुणी असं ओवाळतं व्हय? उलटं फिरत्यात ते मयताला."

मी तीच क्लिप पुन्हा उलटी केली, म्हणजे सुलटी झाली. आता आरती घड्याळाच्या काट्यांसारखी नीट फिरली आणि बाबांच्या मुठीतला भंडारा, तुमच्याआमच्या हातून पडतो तसा, ताटात पडला.

धुळाप्पाने क्लिप पुन्हा लावून पाहिली. "मग देव खोटा का, ताई?"

"देवाचं तुमचं तुम्ही बघा. हा व्हिडिओ खोटा आहे आणि पोरीची तहान खरी आहे."

तो उठला. थंड माठाशेजारच्या डब्यातून त्याने इन्सुलिन काढलं आणि सुई मायाक्कांनीच दिली. तसेच आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. साखर भयंकर वाढली होती. आणखी उशीर झाला असता तर पोरगी बेशुद्ध पडली असती, डॉक्टर म्हणाल्या. धुळाप्पा बाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडला.

सलाइन लावलेल्या माउलीने सकाळी मला विचारलं, "मावशी, माझा आजार पण रिव्हर्स करता येतो का?"

"नाही गं. ते बटन फक्त व्हिडिओला असतं."

म्हणून सांगते, पडद्यावर नवल दिसलं की हात जोडायच्या आधी विचारा, हे कुठून कापलंय, आवाज खरा आहे का, उलटं तर चालवलं नाही? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. मैदानातल्या प्रत्येकाला त्या बाईचं आरतीचं ताट उलटं फिरताना दिसत होतं.