बरणीची तपासणी

शिंपीकाकांनी घरी केलेली लाल वाइन जिन्याखाली मोठ्या काचेच्या बरणीत मुरत ठेवली आणि वर्षभर तिकडे कुणी फिरकायचं नाही, असा काकूंना दम भरला. बरणी गळ्यापर्यंत भरलेलीच हवी, वर हवा राहिली की वाइन बिघडते. म्हणून त्यांनी बरणीच्या गळ्यावर, कापडावर मारतात तशी, खडूची ठसठशीत रेघ मारली.

आता महिन्यातून एक घोट काका स्वतः घेत, पण ती तपासणी! वाइन रेघेखाली उतरली की नातवंडांच्या चार-पाच काचेच्या गोट्या उकळून अलगद आत सोडायच्या. वाइन पुन्हा रेघेला टेकायची. काकूंना पत्ताच नाही, या खुशीत वर्ष मजेत गेलं. फक्त दुकान बंद केल्यावर जपून ठेवलेला काचेच्या बटणांचा डबा सापडेना, एवढीच काय ती कुरकुर.

वर्ष सरल्यावर काकांनी नळीने वाइन बाटल्यांत भरली. चांगली एक बाटली कमी! आपण एवढी ढोसली? काका मनात चरकले आणि गुपचूप बरणी धुवायला बसले. पालथी केली तर गोट्यांमागोमाग खळखळत बाहेर पडली डबाभर बटणं.

काकांनी एक बटण उचलून उजेडात धरलं.

दारात काकू दोन पेले घेऊन उभ्या होत्या.

“अहो, एवढी मोठी बरणी! तपासणी एकट्याच्या जिभेवर कशी सोपवायची?”