माल-सुनचं वाक्य

"मीठ? पाणी? किमची वाढू?" पान-सोकनं एका दमात विचारलं. माल-सुननं डाव्या हातातला चमचा टेबलावर आपटला आणि बोलायचा नाद सोडला.

तीस वर्षं नाजू शहरात बस चालवताना पान-सोकला ही सवय जडली होती. उतारूनं तोंड उघडायचा अवकाश, त्याला कुठं जायचंय ते हाच सांगून मोकळा व्हायचा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बायकोला, माल-सुनला, एकेक शब्द ओढून काढावा लागे, तेव्हा तिची वाक्यंही तोच पुरी करू लागला. बहुतेक चुकीची.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "आजोबा, आजींच्या आधी तुम्हीच पोचता. मग त्या कशाला चालतील? ओठ मिटायचे आणि मनात वीसपर्यंत मोजायचं."

पहिला आठवडाभर तो सातापुढे गेला नाही. मग हळूहळू जमू लागलं. जेवण तासभर चालायचं, सूप गार व्हायचं, बातम्या हुकायच्या. एकदा पन्नास मोजून झाल्यावर ती म्हणाली, "तुमचा... शर्ट... उलटा." आजारपणानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

ऑगस्टअखेर मुलगा तेगॉन सोलहून आला. त्यानं स्वतःच्या इमारतीतच दोघांसाठी घर बघून ठेवलं होतं. "पुढच्या महिन्यात सामान हलवू," तो म्हणाला.

माल-सुननं मान हलवली. "मला... इथं... म..."

"मरायचंय? काहीतरीच काय बोलतेस, आई."

"थांब," पान-सोक म्हणाला. "तिचं संपलं नाहीये."

"पण बाबा..."

"थांब म्हटलं ना."

पान-सोकचं मोजणं मध्येच कुठंतरी चुकलं, तरी त्यानं ओठ उघडले नाहीत.

"मुळे," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, "लावायचेत."

तेगॉन बापाकडे बघत राहिला. "फोनवर तुम्हीच म्हणालात ना, तिला चालेल म्हणून?"

"म्हणालो खरा. तिला विचारलं नव्हतं."

सामान हलवायचा विषय पुन्हा न काढता तेगॉन संध्याकाळच्या गाडीनं परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान-सोक परसात उकिडवा बसला होता, मुठीत मुळ्याचं बी घेऊन. माल-सुन काठी टेकून शेजारी उभी होती. वाफ्याची पहिली ओळ कुठून धरायची ते तिला सांगायचं होतं. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. त्याचे गुडघे भरून आले. तो मूठ मिटून तसाच बसून राहिला.