मी सांगितला तिचा पत्ता

मी एक पितळी पाटी बोलतेय. लांबी एक फूट, रुंदी सहा इंच, चार कोपऱ्यांना चार भोकं. या घरात कोण राहतं हे येणाऱ्याला सांगायचं, एवढंच माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं. त्यातून जे झालं, ते अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. तुम्हाला सांगून बघते, निदान तुम्हाला तरी त्याचा अर्थ लागतोय का ते.

माझा जन्म नाशिकचा, भांडी बाजाराच्या मागे एका छोट्या गाळ्यात. मला करून घेतलं दीनानाथ टिपणीस यांनी, म्हणजे आबांनी. आबा पोस्टातून रिटायर झालेले. मेलबर्नला मुलीकडे पहिल्यांदा जाऊन आले, ते परत येऊन भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले. "अहो, तिथं दारावर नावंच नाहीत! नुसते आकडे. एवढी शिकलेली माझी सुमा, आणि तिची ओळख काय, तर सव्वीस नंबर!" चौतीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतंच.

माझ्यावर वरती मराठीत 'डॉ. सुमेधा टिपणीस', खाली तेच इंग्रजीत, त्याखाली पदव्या आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत जावयाचं नाव. पदव्या कोरताना कारागीर वैतागला. "काका, ही पदवी आहे की गाडीचा नंबर?" आबांनी त्याला एक अक्षर गाळू दिलं नाही. इंग्रजी तर हवंच, म्हणाले. तिथल्या लोकांना वाचता यायला पाहिजे.

पुढच्या खेपेला आबांनी मला स्वेटरमध्ये गुंडाळून विमानात हातातल्या पिशवीतून आणलं. मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या त्या घरासमोर आबांच्या हातातून मी पहिल्यांदा गल्ली पाहिली. सगळी घरं एकाच आईची लेकरं, तीच करडी छपरं, तीच दोन गाड्यांची गॅरेजं. नात स्पृहा तेव्हा पाच वर्षांची होती. ती म्हणाली, "आजोबा, नोबडी डझ दॅट हिअर." जावई हृषिकेश हसून म्हणाला, "माझं नाव वाचायला भिंग ठेवा बाजूला." सुमेधानं माझ्यावरून बोट फिरवलं आणि ड्रिल आणायला आत गेली.

सात वर्षं मी त्या भिंतीवर मिरवले. उन्हाळ्यात उत्तरेचा गरम वारा सुटला की माझ्यावर हात ठेववत नसे. दर दिवाळीला आबा इथे यायचे आणि चिंचेच्या कोळानं मला घासायचे, मग मी रस्त्यावरून दिसायचे. आबांची बायको गेल्यावर ते कायमचे इथेच आले, तेव्हापासून माझी घासपूस महिन्याला होऊ लागली. माझ्या शेजारी हृषिकेशनं कॅमेऱ्याची बेल बसवली. तिचं नि माझं कधी जमलं नाही. ती सगळ्यांकडे संशयानं बघते, मी सगळ्यांचं स्वागत करते. म्हणजे करायची.

दारातली पाटी घरातलं फार काही पाहत नाही, पण बूट घालताना माणसं जे बोलतात ते सगळं तिला ऐकू येतं. सुमेधाचं काम काय, ते मला असंच कळलं. एका सकाळी लेस बांधता बांधता ती म्हणाली, "आबा, तुम्ही मराठी मंडळात सगळ्यांना सांगता ना, मुलगी बाळंतपणं करते म्हणून? मी बाळंतपणं नाही करत. मी गर्भपात करते. आठवड्यातले तीन दिवस तेच काम असतं."

आबांनी विचारलं, "कायद्यात बसतं ना?"

"बसतं."

"मग तू का चोरट्यासारखी सांगतेस?"

सुमेधा हसली, आणि मग दारातच बसून तिनं त्यांना सगळं सांगितलं. या देशात आल्यावर तिची पहिली नेमणूक उत्तरेकडच्या एका लहानशा गावात होती. तिथं सतरा वर्षांची एक मुलगी तापानं फणफणलेली आली. दोन डॉक्टरांनी तिला नाही म्हटलं होतं, म्हणून तिनं घरच्या घरी काहीतरी करून घेतलं होतं. ती वाचली, पण थोडक्यात. "त्या दिवशी ठरवलं, आबा, की मी नाही म्हणणार नाही." आबांनी तिची पर्स उचलून तिच्या हातात दिली. त्यानंतर मंडळात ते काय सांगायचे मला माहीत नाही, पण ती घरातून निघाली की रोज तिला फाटकापर्यंत सोडायला जाऊ लागले.

तिच्या क्लिनिकपाशी पूर्वी लोक फोटोचे फलक घेऊन उभे राहायचे. आता दीडशे मीटरच्या आत तसं करायला कायद्यानं बंदी आहे. मला हे ऐकून बरं वाटलं होतं. घराभोवती अशी हद्द नसते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मग मार्चमध्ये तो म्हातारा आला.

स्वच्छ दाढी केलेला, अंगात हातानं विणलेला निळा स्वेटर. पत्रपेट्यांमध्ये चर्चच्या कार्यक्रमाची पत्रकं टाकत चालला होता. माझ्यासमोर थांबला. चष्मा सारखा केला आणि मला वाचू लागला. "सु-मे-धा." अगदी नीट, प्रत्येक अक्षर सुटं करून. सात वर्षांत एकाही परक्या माणसानं मला असं वाचलं नव्हतं. खरं सांगते, मी सुखावले. माझी सगळ्यात मोठी लाज हीच आहे की मी सुखावले.

आबा बाहेर आले. तो म्हणाला, "लव्हली साइन, मेट." आबांची छाती फुगली. आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की ही माझी मुलगी, डॉक्टर आहे, फार कष्ट करते, सकाळी सातला जाते ती थेट साडेपाचला येते, येताना शाळेतून नातीला घेते. त्यानं मान डोलावली. माझा फोटो काढू का म्हणून विचारलं, आणि आबा बाजूला सरकले, त्यांची सावली माझ्यावर पडू नये म्हणून.

आठवड्यानं गल्लीतल्या प्रत्येक पत्रपेटीत एक कागद पडला. सुमेधाचा फोटो, घराचा फोटो, मधोमध मी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमच्या शेजारी खुनी राहते.' मी स्वतःला त्या कागदावर पाहिलं. पितळेवर कोरलेलं तेच नाव, तीच अक्षरं, पण आता ती शिवी झाली होती. समोरची ब्रेंडा रोज हात करायची, ती त्या दिवसापासून खाली बघून जाऊ लागली. मग एका सकाळी पायपुसण्यावर लाल रंगात बुचकळलेली बाहुली सापडली. स्पृहानं ती आधी पाहिली. सुमेधानं पोलिसांना कळवलं, बाहुली पिशवीत घातली, बूट घातले आणि कामाला गेली.

हृषिकेश म्हणाला, "पाटी काढूया का?" आबा म्हणाले, "का? आपण काय चोरी केली आहे?" मीही मनात तेच म्हणाले. आम्ही दोघं सारखेच मूर्ख.

तो गुरुवार होता. साडेपाचला ऊन अजून चांगलं होतं. रस्त्याच्या कामावर घालतात तसलं पिवळं जॅकेट घातलेला एक तरुण पाऊण तास आमच्या कचऱ्याच्या डब्यांजवळ हातात फाइल घेऊन उभा होता. मीटर बघायला आला असेल, असं वाटावं असा. एकदा तो पुढे आला, मला वाचलं, मोबाइलमध्ये पाहिलं, परत मला वाचलं. मग जागेवर जाऊन उभा राहिला.

गाडी आली. सुमेधा किल्ल्या घेऊन दाराशी पोचली. स्पृहा मागच्या सीटवरून दप्तर ओढत होती. तो जवळ येऊन म्हणाला, "डॉक्टर टिपणीस?" सुमेधा वळली. "येस?"

त्यानं जॅकेटमधून हातोडा काढला.

मी ते पाहिलं. इतक्या जवळून पाहिलं, तरी अजून मला खरं वाटत नाही. त्यानं नाव विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि त्यानं मारलं. मध्ये एक शब्द नाही. पहिला घाव तिनं वर केलेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा डोक्यासाठी होता, ती वाकली आणि तो माझ्यावर बसला. पाटीनं डॉक्टरांना वाचवलं, असं नंतर हृषिकेश सगळ्यांना सांगत होता. खोटं आहे ते. ती स्वतः वाकली म्हणून वाचली. माझ्यामुळे तर तो माणूस तिथं आला होता.

स्पृहा, जी आम्हा सगळ्यांना कायम इंग्रजीत उत्तरं देते, ती मराठीत ओरडत होती, "माझ्या आईला मारू नका! मारू नका!" त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आबा आतून चहाचं पातेलं घेऊन धावले आणि तसंच त्याच्या अंगावर फेकलं. समोरून ब्रेंडा घरातल्या सपाता घालून धावत आली, एवढी मोठी बाई, जीव खाऊन ओरडत. तो पळाला. कोपऱ्यावर त्याला लोकांनी धरलं.

ब्रेंडानं आपला स्वेटर काढून सुमेधाच्या हाताखाली दिला. म्हणाली, "तू जे करतेस ते मला पटत नाही, लव्ह. कधी पटणारही नाही. पण हे? हे काय आहे?" ती रडत होती. तिलाही माझ्यासारखाच अर्थ लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी एक पोलीस बाई दारात आली. कागद वाटणाऱ्या त्या लोकांच्या इंटरनेटवरच्या पानावर सुमेधाच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिलेल्या होत्या, सातला जाते, साडेपाचला मुलीला घेऊन येते. पोलीस बाईनं आबांना विचारलं, "या वेळा तुम्ही कोणाला सांगितल्या होत्या का? कोणी घरी येऊन चौकशी केली होती?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नो."

मला दुसरा धक्का तिथं बसला. ज्या माणसानं जन्मात कधी चुकीचा पत्ता सांगितला नाही, तो माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलला. आणि साक्षीदार मी एकटी. त्यानंतर दहा दिवस आबा जेवले की नाही मला माहीत नाही, पण ते दाराबाहेर आले नाहीत.

अकराव्या दिवशी सकाळी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि मला काढू लागले. तिसरा स्क्रू सुटत होता, तेवढ्यात सुमेधा बाहेर आली. हात प्लास्टरमध्ये, खांद्याला पर्स.

"सुमा, तू चाललीस?"

"हो. प्रोसीजर नाही करता येणार, पण पेशंट तपासता येतील. हृषिकेश सोडतोय."

आबांच्या हातातून स्क्रू पडला. "सुमा, मी सांगितलं त्याला. तुझ्या वेळा. त्या म्हाताऱ्याला मीच सांगितल्या. आणि पोलिसांना नाही म्हणालो."

"माहीत आहे मला, आबा. बेलच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. मी हॉस्पिटलमध्येच ऐकलं. पोलिसांनाही पाठवलंय."

"आणि तू मला काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही त्याला काय सांगत होतात ते ऐकलं मी. माझी मुलगी फार कष्ट करते म्हणत होतात. ते मी चार वेळा ऐकलं."

आबा भिंतीला टेकून खाली बसले. "सोड ना गं हे काम. माझ्यासाठी सोड."

तिनं डाव्या हातानं त्यांचे केस सारखे केले. "आज नऊ वाजता एक मुलगी येणार आहे. तीन तास गाडी चालवून. तिला नाही म्हणायला कोणी फोन करायचा, तुम्ही करता?" आबांनी नकारार्थी मान हलवली. "मग मला जाऊ द्या. फक्त आता कोणालाच नाव सांगायचं नाही, आबा. कोणालाही नाही." ती गेली. चौथा स्क्रू आबांनी काढला.

आता मी दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या कपाटात असते. माझ्या इंग्रजी ओळीवर खोल खळगा आहे. बाहेर भिंतीवर चार भोकं उरली आहेत आणि सव्वीस हा आकडा. माझी तक्रार नाही. ज्याचं नाव सांगितलं की हातोडा पडतो, त्याचं नाव न सांगणंच बरं, एवढं मला आता कळतं. पण पाटीनं नाव सांगायचं नाही, तर मग मी आहे तरी कशाला, याचं उत्तर कोणाकडे असेल तर मला जरूर सांगा.

काल दुपारी बेल वाजली. आबांनी साखळी लावून दार बोटभर उघडलं. मला फटीतून आवाज आला. कुरिअरवाला होता, कोवळ्या आवाजाचा. क्लिनिकमधल्या लोकांनी फुलं पाठवली होती, हे मला नंतर कळलं.

"फ्लॉवर्स फॉर डॉक्टर टिपणीस. राइट हाउस?"

आणि मी आबांचा आवाज ऐकला, "नो. नो डॉक्टर हिअर, मेट."

"शुअर?"

"आय डोन्ट नो एनी सुमेधा."

तो बिचारा सॉरी म्हणून गेला. त्यानं तर सुमेधा हे नाव घेतलंच नव्हतं. आबा दार लावून कपाटापाशी किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही.

आबा, नाही म्हणालात ते बरोबर केलंत. फक्त पुढच्या वेळी एवढं करा, आवाज कापू देऊ नका.