साक्षीच्या मेजावरचा माइक

मित्रांनो, माझी मान वाकडी झाली आहे, जाळीवर गंजाचे ठिपके आहेत आणि वायरला जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. तरीही मला अजून नीट ऐकू येते. मी एक जुना माइक आहे. लग्नाच्या मांडवातला किंवा मिरवणुकीतला नव्हे, सेंट मोरेल बेटाच्या संसदेतला. साक्ष द्यायला आलेला माणूस जिथे बसतो, त्या मेजावर माझे उमेदीचे सारे आयुष्य गेले.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. आठवतात ते पेटीतल्या अंधारात सोसलेले बोटीचे हेलकावे आणि पेटी उघडताच अंगावर आलेली खारी, दमट हवा. बर्टी नावाच्या वायरमनने मला मेजावर घट्ट बसवले, तोंडाशी तोंड आणून 'एक, दोन, एक, दोन' म्हटले, आणि माझ्या कपाळावरचा लाल दिवा पहिल्यांदा लागला. "बघ हं," तो म्हणाला, "स्वतः खोटं बोलू नकोस आणि यांनाही बोलू देऊ नकोस." आणि स्वतःच हसला. पहिले मी आयुष्यभर पाळले. दुसरे माझ्या हातात नव्हते.

आमची खोली टेकडीवर होती. लाकडी झडपांच्या खिडक्यांतून खाली बंदर दिसे. परराष्ट्र आणि सागरी सुरक्षा समिती तिथे बसायची. सरकार बाहेरच्या देशांशी काय बोलते, कोणते करार करते, आपल्या समुद्रात कोणाला येऊ देते, याचा जाब विचारणे हे तिचे काम. सभासद पाच, तीन सरकारपक्षाचे, दोन विरोधी. अध्यक्षा होत्या इस्मे पास्कल. त्या सरकारपक्षाच्याच, पण त्याआधी जन्मभर शाळेत शिकवलेल्या. निम्मे मंत्रिमंडळ त्यांच्या हाताखालून गेलेले. सारे बेट त्यांना 'बाई' म्हणे.

सुरुवातीची वर्षे सुखाची होती. थिओफिलस मॅप नावाचे सरकारपक्षाचे एक जाडजूड सभासद शेंगा सोलत बसायचे. एकदा ते म्हणाले, "बाई, माझ्या मतदारसंघात परराष्ट्र म्हणजे शेजारचं बेट, आणि धोरण म्हणजे त्यांची कोंबडी आपल्या अंगणात आली तर परत द्यायची की शिजवायची!" सगळे हसले. ते हसू माझ्यातून रेडिओवर गेले आणि खाली मासळी बाजारातल्या बायकाही हसल्या. आमच्या बैठका रेडिओवर ऐकवल्या जात. "टेकडीवरचा माइक कसा खणखणीत बोलतो!" असे लोक म्हणत. मित्रांनो, मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग राखाडी जहाजे आली.

त्याआधीची दोन वर्षे वाईट गेली होती. रात्री-अपरात्री वेगवान बोटी किनाऱ्याला लागत, बंदुका उतरवत, आणि बंदराजवळच्या गल्ल्यांत पोरे मरत. म्हणून सरकारने एका दूरच्या बलाढ्य देशाशी करार केला. त्यांची जहाजे आमच्या समुद्रात गस्त घालणार होती. परराष्ट्रमंत्री कथबर्ट लाविन यांचा हस्तांदोलन करतानाचा फोटो सगळीकडे लागला. करारात काय लिहिले आहे ते मात्र संसदेपुढे कधीच आले नाही. लोकांनीही विचारले नाही. गोळीबार थांबला होता, पोरे घरी येऊन झोपत होती. झडपांमधून दिसणाऱ्या क्षितिजावर ती जहाजे हलत नसत. नुसती उभी असत, पाणी पिऊन बसलेल्या मगरींसारखी.

एके दिवशी त्या देशाने जाहीर केले की गुंडांची एक होडी बुडवली. त्याच संध्याकाळी लाविन साहेबांनी रेडिओवरून त्यांचे आभार मानले. आणि खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या वस्तीतली 'सिस्टर ग्रेस' नावाची होडी परत आली नाही.

बाईंनी बैठक बोलावली. त्या दिवशी लाविन साहेब सर्वांच्या आधी आले. खोलीत फक्त ते दोघे होते. माझा दिवा बंद होता, पण मित्रांनो, दिवा बंद असला तरी माइक बहिरा होत नाही.

"बाई, दारं बंद करून घ्या ना बैठक. सगळं सांगतो."

"दारं बंद केली की तू सगळं सांगतोस, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. बाहेर आलास की काहीच सांगितलेलं नसतं."

"ही शाळा नाही, बाई. ती माणसं चिडली तर उद्या जहाजं काढून नेतील. मग बंदूकवाले परत येतील, आणि तुमच्या गल्लीत नाही, माझ्या गल्लीत येतील. मी किती पोरांना खांदा दिलाय, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये रे. मीही होते स्मशानात. करार करू नको असं मी कधी म्हटलं? गोळी झाडायच्या आधी त्यांनी आपल्याला विचारलं का, एवढंच मी विचारणार आहे."

"आणि नसेल विचारलं तर?"

"तर हा समुद्र आपला आहे का, ते तू मला सांग."

साहेबांनी नकळत माझी मान भिंतीकडे वळवली. बाईंनी ती पुन्हा सरळ केली.

पहिली साक्ष डेल्फिन जोआकिमची होती. ती मासळी विकायची. बाजारातला फडका अजून कमरेला होता. "माझा नवरा एव्हरार्ड आणि माझा भाऊ लुसियन," ती म्हणाली. "सुरमईला गेले होते."

"होडीत आणखी काही होतं का, डेल्फिनबाई?" मॅप साहेबांनी विचारले. "म्हणजे, जाळ्याशिवाय?"

"होतं ना. भाजलेला नीरफणस, आणि लुसियनचं तोंड. ते कधी बंद नसायचं."

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. डेल्फिन माझ्याकडेच बघत होती, जणू मीच तिला प्रश्न विचारला होता.

"मंत्रिसाहेबांनी रेडिओवर आभार मानले ना, तेव्हा मी रस्सा ढवळत होते. मला बरं वाटलं, साहेब. म्हटलं, मेले एकदाचे गुंड. दोघांची ताटं मांडली होती मी."

तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता. मॅप साहेबांनी शेंगांची पुडी खिशात टाकली. त्यानंतर मी त्यांना कधी शेंगा खाताना पाहिले नाही.

मग तटरक्षक दलाचे कप्तान हेझ्रन क्वाशी माझ्यापुढे बसले. शपथ घेताना त्यांचा आवाज स्थिर होता. लाविन साहेब त्यांच्या मागच्याच बाकावर होते.

"कप्तान," बाई म्हणाल्या, "ती होडी आपल्या हद्दीत होती?"

"होय, बाई."

"गोळी झाडण्यापूर्वी त्या जहाजाने तुमची परवानगी मागितली?"

कप्तानांनी टोपी मांडीवर फिरवली. "याचं उत्तर मला बंद दाराआड द्यायचंय."

मत घ्यावे लागले. सरकारपक्षाच्या दोघांनी दार बंद करण्याच्या बाजूने हात वर केले; मॅप साहेबांचा हात जरा उशिरा गेला, पण गेला. विरोधी दोघे उघड्या दाराच्या बाजूने. निकाल बाईंवर आला. लाविन साहेब त्यांच्याकडे टक लावून बघत होते. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "दार उघडं राहील. कप्तान, बोला."

कप्तान माझ्याकडे झुकले. "नाही, बाई. विचारलं नाही. गोळीबार झाल्यावर आम्हाला कळवलं. आमची बोट तयार होती, माणसं चढली होती. पण निघू नका असा निरोप आला."

"कोणाचा निरोप?"

आणि माझा दिवा विझला.

मित्रांनो, पंखे चालू होते. छतावरचे दिवे चालू होते. फक्त आमचे, माइकांचेच, प्राण कोणीतरी काढून घेतले. रेडिओवर त्या क्षणापासून नुसती खरखर गेली. "मी ऐकते आहे, कप्तान," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "माइक लागत नाही. तुम्ही मला सांगा." पण कप्तान माझ्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले. एकदा बोलायचे धाडस त्यांनी केले होते. दुसऱ्यांदा ते जमले नाही. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, बाईंना सलाम केला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरकारने जाहीर केले, 'जुन्या माइकमध्ये बिघाड झाल्यामुळे प्रसारण खंडित झाले.' माझ्यात! ज्याने कधी एक शब्द गिळला नाही, त्याच्यावर हा आळ आला. मला बोलता येत असते तर मी टेकडीवरून ओरडलो असतो. पण माइकला स्वतःचा आवाज नसतो. आणि लोकांनाही तो आळ सोयीचा वाटला. "जुनाट वस्तू, बिघडायचीच," असे म्हणून ते आपापल्या कामाला लागले.

मेजावर नवे चकचकीत माइक आले. त्यांचे बटण अध्यक्षांच्या हाताशी नव्हते. ते खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत होते, आणि त्या खोलीवर पाटी नव्हती. बाईंना अध्यक्षपदावरून काढले. कप्तानांना आधी रजेवर आणि मग कायमचे घरी पाठवले. आमची समिती पर्यटनाच्या समितीत मिसळून टाकली. मी अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली पडलो. माझ्या जाळीवर पाली फिरत. भिंतीपलीकडे नवी समिती बसे. "कोणाला काही विचारायचंय?" नवे अध्यक्ष विचारत, आणि उत्तर येण्याच्या आत खुर्च्या सरकल्याचा आवाज येई. बंदरातून जहाजांचे भोंगे ऐकू येत. पूर्वी ते दुरून यायचे. आता जवळून येऊ लागले होते.

एके सकाळी बाई आल्या. "हा भंगारात देणार आहात ना?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारले. "मग मला द्या."

"काय करणार बाई याचं? बिघडलेला आहे."

"मीही बिघडलेली आहे म्हणतात. जमेल आमचं."

त्यांनी मला पावाच्या पिशवीत घातले आणि खाडीपलीकडे कोळ्यांच्या वस्तीत, चर्चशेजारच्या सभागृहात नेले. म्हाताऱ्या बर्टीने वायरला पट्ट्या गुंडाळल्या आणि दिवा लागला. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी बाई आणि डेल्फिन तिथे बसतात. मला एका साध्या लाकडी मेजावर ठेवतात. ज्याला सांगायचे असेल त्याने सांगावे, विचारायचे असेल त्याने विचारावे. तिथून रेडिओवर काही जात नाही. भिंतीवरच्या एका कर्ण्यातून फक्त वस्तीला ऐकू जाते.

बरेच शुक्रवार गेले. मग एकदा दारात कप्तान क्वाशी उभे राहिले. गणवेश नव्हता, दाढी वाढली होती. कोणी या म्हटले नाही आणि कोणी जा म्हटले नाही. ते येऊन माझ्यापुढे बसले.

"माझा प्रश्न तुम्हाला आठवत असेल," बाई म्हणाल्या.

"आठवतो. रोज आठवतो." त्यांनी घसा साफ केला. "लाविन साहेबांचा फोन होता. म्हणाले, बोट काढू नकोस, त्यांना वाटेल आपला त्यांच्यावर भरवसा नाही. मी थांबलो."

डेल्फिन मागच्या बाकावरून उठून पुढे आली. "पाण्यात कोणी जिवंत होतं का?"

कप्तानांनी दोन्ही तळवे मेजावर टेकवले.

"एक जण पोहत होता. बराच वेळ. त्यांच्या जहाजानेच कळवलं होतं."

"तुमची बोट पोहोचली असती?"

"असती."

"कोण होता?"

"ते मला ठाऊक नाही, ताई."

"मला आहे," डेल्फिन म्हणाली. "लुसियनला पोहता येत नव्हतं."

ती रडली नाही. खाली बसली आणि कमरेचा फडका मांडीवर घेऊन घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मॅप साहेब दाराशी उभे होते. ते केव्हा आले कुणाला कळले नव्हते. त्यांनी आत यायला पाऊल उचलले, मग ते तिथेच उभे राहिले.

तुम्हाला वाटेल, यानंतर सारे पालटले असेल. नाही, मित्रांनो. लाविन साहेब म्हणाले की चर्चचे सभागृह म्हणजे संसद नव्हे, तिथल्या बोलण्याला शपथ नसते. ते आजही मंत्री आहेत. त्यांच्या गल्लीत अजून शांतता आहे, आणि तिथले लोक त्यांना दुवा देतात. आमच्या वस्तीतल्या होड्या मात्र आता खडकांच्या पलीकडे जात नाहीत. सुरमई तिथे आहे आणि जहाजेही तिथेच आहेत.

मी म्हातारा झालो आहे. एक दिवस माझा दिवा खरोखरच बिघडून विझेल, आणि तेव्हा कुणावर आळ घेऊ नका. पण तोवर एवढे ऐका. तुमच्या नावाने कोणी परक्याशी हात मिळवत असेल, तर त्या हातात काय आहे ते विचारा. भीती वाटत असताना विचारा, कारण तेव्हाच न विचारण्याची सवय लागते. प्रश्न विचारायची खोली झाडून-पुसून ठेवा, तिचे बटण कुणाच्या हातात आहे ते बघत राहा. आणि विचारणारे माणूस एकटे उभे असेल, तर निदान त्याच्या शेजारी जाऊन बसा.

परवाच्या शुक्रवारी सभागृहात दोन नव्या बायका आल्या. शेजारच्या बेटावरून बोटीने आल्या होत्या, पाय अजून ओले होते. डेल्फिनने त्यांना पाणी दिले आणि माझ्यासमोर बसवले. बाईंनी माझा दिवा लावला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी होडीचं नाव सांगा."