जावईबापूंचं टक्

साळूने दोन्ही तळवे एकावर एक ठेवले, कोपरं ताठ केली आणि जावईबापूंच्या छातीवर दाब दिला. काहीच वाजलं नाही.

जावईबापू म्हणजे शाळेतला प्रथमोपचार शिकायचा रबरी पुतळा. हे नाव नववीच्या वर्गाने पाडलं होतं आणि ते अगदी चोख होतं. सगळ्यांनी भोवती धावायचं, घाम गाळायचा आणि याने ढिम्म पडून राहायचं. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबतात तशी याची दाबायची. दाब पुरेसा खोल गेला की आतून टक् असा आवाज येई. टक् आलं तर पास, नाही तर पुढच्या वर्षी या.

साळूला पुढचं वर्ष चालणार नव्हतं. आईची दिवसभराची नवी नोकरी सोमवारी सुरू होत होती आणि आजोबांच्या हृदयाने एकदा दगा दिला होता. आत्याचा धोशा होता, बाबांना माझ्याकडे पाठवा. आत्याचं गाव रात्रभराच्या प्रवासावर. शेवटी आईने साळूला सांगितलं होतं, सकाळी शेजारच्या काकू बघतील, दुपारी शाळेतून आलीस की आजोबा तुझ्या भरवशावर. पण आधी नर्सबाईंच्या परीक्षेत पास होऊन दाखव. नाही तर आत्याकडचं तिकीट काढते.

"पुन्हा," नर्सबाई म्हणाल्या.

साळूने पुन्हा दाबलं.

"जावईबापू रुसले वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्गात खसखस पिकली. एरवी साळूनेच आधी दात काढले असते. साळुंकीसारखी सारखी बडबड, म्हणून तर ती साळू. आज मात्र ती नुसती दाबत राहिली.

घरी तर रोज जमत होतं. संध्याकाळी ती सोफ्याची उशी जमिनीवर ठेवून सराव करायची. आता उशी कुठली वाजायला? म्हणून आजोबा शेजारी बसून जिभेने टक् करायचे. हिने दाबलं की त्यांचं टक्. पुन्हा दाबलं की पुन्हा टक्. वर "वा गं पठ्ठे" हे असायचंच. एकदाही टक् चुकलं नव्हतं.

साळूचे हात थांबले. तिने मान वळवून पालकांच्या बाकाकडे पाहिलं. आजोबा आपल्या चपलांकडे बघत होते.

"आजोबा, तुम्ही उगाचच टक् करत होतात?"

"अगं, तू इतकं मनापासून दाबायचीस," आजोबा पुटपुटले. "नाही कसं म्हणणार?"

सगळा वर्ग हसला. नर्सबाईंनाही हसू आवरेना. आजोबा मात्र हसले नाहीत. ते उठले आणि सावकाश चालत पुतळ्यापाशी आले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. जोर लावला की बिघडलं, हे त्यांनी साळूला ती चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. पोरगी बरणीचं झाकणसुद्धा गयावया करून उघडायची.

"माझ्या बरगड्यांना भितेस ना?" त्यांनी विचारलं.

साळूने होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

"बरगडी मोडली तर सांधता येते," नर्सबाई म्हणाल्या. "बंद पडलेलं हृदय मात्र वाट बघत नाही."

"ऐकलंस? मग माझं घड्याळाचं शास्त्र ठेव गुंडाळून. जोर लाव, पोरी. आत्याच्या घरी मला करमणार नाही."

साळूने नाक पुसलं. खांदे तळव्यांच्या बरोबर वर आणले, दात आवळले आणि सगळ्या अंगाचा भार खाली लोटला.

टक्.

मग टक्, टक्, टक्. वर्ग एका सुरात मोजायला लागला, कोणी बाक बडवायला लागलं. साळू हसत होती, रडत होती आणि दाबत होती.

"बस, बस, पास," नर्सबाई म्हणाल्या. "जावईबापू केव्हाच शुद्धीवर आले. ऊठ आता."

साळू उठली. आजोबा मात्र बाकाकडे परत गेले नाहीत. ते जाऊन मुलांच्या रांगेत शेवटी उभे राहिले.

"आजोबा, ही परीक्षेची रांग आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"म्हणूनच उभा आहे. दुपारी घरात आम्ही दोघंच असणार. माझ्याकडे ही बघेल. हिच्याकडे कोण बघणार?" आजोबा म्हणाले. "तोंडात घास असतानाही हिची टकळी चालू असते. आधी गिळ, मग बोल, असं सांगून मी थकलो. उद्या ठसका लागला, घास अडकला, तर काय करू? तेवढं मला शिकवा."

साळू आजोबांकडे बघतच राहिली. हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

नर्सबाईंनी दोन मुलांना हाताशी घेऊन जावईबापूंना खुर्चीत बसवलं आणि पुढे वाकवलं. दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, जोरात मारायचं, असं त्यांनी करून दाखवलं. आजोबांनी बाही वर सारली, चष्मा नीट केला, हात उचलला आणि पुतळ्याच्या पाठीवर हळूच थाप दिली. मग तशीच आणखी एक.

साळू त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आजोबा, असं तुम्ही मला झोपवायचात," ती म्हणाली. "जोर लावा."