नोंदवलेला आवाज

ओसाकाजवळच्या पार्सल-केंद्रात फुजीनुमा ताझुको सरकत्या पट्ट्याशेजारी उभी राहून खोक्यांवरची गावे माइकमध्ये उच्चारीत असे. ती ‘हिमेजी’ म्हणाली की खोके हिमेजीच्या वाटेला वळे. मात्र जिचा आवाज कॅसेटवर नोंदवलेला असेल, त्या बाईचेच यंत्र ऐके. आणि तेही नोंदणीच्या वेळी होता तसाच आवाज लागला तर. हसू फुटले किंवा घसा भरून आला, की पट्टा थांबे. म्हणून कामाच्या पाळीपूर्वी बाया सुनांचे विषय काढीत नसत. ताझुको तर तो सपाट आवाज घरीही घेऊन जाई. आईचे दहन उरकून ती दुसऱ्या दिवशी कामावर आली, तेव्हा पट्टा एकदाही थांबला नाही. तिची आई गेल्याचे पुष्कळ दिवस कोणाला कळले नाही.

वसंतात नवे यंत्र आले. त्याला नोंदणी लागत नव्हती. ते कोणाचेही ऐकणार होते. जुन्या बायांपैकी एकीलाच ठेवायचे ठरले, नाना तऱ्हांनी बोलून यंत्राची परीक्षा घेण्यासाठी. ताझुकोला ती जागा हवी होती. दुसरे कोणते काम तिने कधी केलेच नव्हते.

“फुजीनुमाबाई, जरा रागावून म्हणा,” अभियंता कुरिमोतो म्हणाला.

“हिमेजी.”

“हिला कुठला राग यायला, साहेब!” मागून तिच्याबरोबर काम करणाऱ्या ओगिनोबाई म्हणाल्या. “मी हिच्या पायावर खोकं पाडलं, तर हीच मला ‘माफ करा’ म्हणाली!”

सगळ्या हसल्या.

“बरं, मग रडवेल्या आवाजात म्हणा.”

ताझुकोने डोळे मिटले. दहनानंतर रीतीप्रमाणे धाकट्या बहिणीबरोबर काड्यांनी उचललेल्या आईच्या अस्थी तिला आठवल्या. त्या किती हलक्या होत्या, तेही आठवले.

“हिमेजी.”

यंत्राच्या पडद्यावर गावाच्या नावाची अक्षरे उमटली.

“ओळखलं की यंत्रानं,” ती म्हणाली.

“ओळखणारच हो. पण तुम्ही दर वेळी एकसारखंच म्हणताय.” कुरिमोतोने संकोचून मान खाली घातली. “मला वेगवेगळं हवंय.”

मग ओगिनोबाई पुढे झाल्या. त्या खिदळल्या, डाफरल्या, नाक ओढीत स्फुंदल्या. यंत्राने सारे ओळखले. त्यांना ठेवण्यात आले.

शेवटच्या दिवशी कुरिमोतोने ताझुकोची कॅसेट भेटीच्या कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

“फार कष्ट घेतलेत. आता इथे हिचा उपयोग नाही. तुमच्याजवळ असू द्या.”

तिने वाकून, दोन्ही हातांनी ती घेतली.

“अगं, काहीतरी बोल की!” ओगिनोबाईंचे डोळे भरले होते. “मला शिव्या तरी दे, मेले!”

“तुम्हालाही कष्ट झाले,” ताझुको म्हणाली. तिचा आवाज नोंदवला होता तसाच होता.

ती दाराशी पोचली तेव्हा मागे पट्टा सुरू झाला. ओगिनोबाईंना रडू आवरत नव्हते. तशाच रडत त्यांनी गावाचे नाव उच्चारले, आणि खोके हिमेजीच्या वाटेला वळले.